लोन्झो स्टर्जिलच्या पाठीवरची पट्टी

१

लोन्झो स्टर्जिलचं ओरडणं अर्डिथ कॉम्ब्सला गाडीतून उतरायच्या आधीच ऐकू आलं. गाडीच्या काचा वर होत्या, घराची दारंखिडक्या थंडीमुळे बंद होती, तरीही. ती स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर तशीच बसली. मग बॅग उचलून पायऱ्या चढली.

ब्लँटन्स फोर्कच्या दवाखान्यात अर्डिथ नर्स प्रॅक्टिशनर होती. म्हणजे डॉक्टर नव्हे. पण तपासायचं, औषध लिहून द्यायचं, टाके घालायचे, पोरांचे कान बघायचे आणि म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत सोबत करायची, हे सगळं तिच्याकडेच होतं. डॉक्टर डोंगरापलीकडे बसायचे, आणि केंटकीतल्या त्या भागात हिवाळा लागला की डोंगर ओलांडणं कुणालाच नको असायचं. खोऱ्यातल्या बहुतेक घरांची औषधांची कपाटं अर्डिथनं उघडून पाहिलेली होती. माणसं कपाटात काय लपवतात हे तिला चांगलं माहीत होतं. निदान असा तिचा समज होता.

लोन्झोनं जन्मभर तंबाखू पिकवली होती आणि जन्मभर ओढलीही होती. आता फुप्फुसातला कॅन्सर त्याच्या मणक्यात उतरला होता. उपचार थांबले होते. दुखणं थोपवायचं, एवढंच उरलं होतं, आणि त्यासाठी त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, अर्डिथ औषधाची पट्टी लावायला द्यायची. अफूच्या जातीचं जहाल औषध, कातडीतून हळूहळू अंगात भिनणारं. ते पुरेना म्हणून तिनं मात्रा वाढवली. तरी पुरेना, म्हणून पुन्हा वाढवली. आणि म्हातारा अजून ओरडतच होता.

खोलीत घामाचा आणि ओकारीचा वास कोंडला होता. लोन्झोची मुलगी व्हर्लीन हातात भांडं घेऊन पलंगाशी उभी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, रुंद खांद्यांची बाई. तिचा जबडा सारखा हलत होता. सिगारेट सोडल्यापासून ती अर्डिथनं दिलेलं च्युइंगम चघळायची.

"सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब ठरत नाही," ती म्हणाली. "नुसतं ओकतात आणि बरळतात. कसली ओली पानं म्हणतात, तंबाखू म्हणतात. डोक्यावर परिणाम झालाय, अर्डिथ."

अर्डिथनं बॅटरीचा झोत म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर धरला. त्या औषधानं डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लोन्झोच्या बाहुल्या चांगल्या मोठ्या होत्या. नाडी घोड्यासारखी उधळलेली. अंग घामानं थबथबलेलं.

"पट्टी जागेवर आहे ना?"

"आहे की. आज सकाळीच मी माझ्या हातानं वरून नवी टेप लावलीय. घामानं सुटते ना सारखी."

दोघींनी मिळून म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं. पांढरी कापडी टेप खरंच कोरी होती. अर्डिथनं ती अलगद काढली. खाली पट्टी होती, पातळ आणि पारदर्शक. पण तिच्या कडांना मळाची काळी रेघ धरलेली होती, आणि जिथं औषधाचं नाव छापलेलं असायला हवं तिथं एक अक्षर नव्हतं. कुणीतरी ते घासून घासून काढलं होतं. त्या जागी बारीक ओरखडे होते.

अर्डिथनं पट्टी सोलून काढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकली.

"व्हर्लीन, ही पट्टी मी दिलेली नाही."

म्हणजे कुणीतरी मरायला टेकलेल्या माणसाच्या पाठीवरून त्याचं औषध सोलून नेलं होतं. तो माणूस ओरडत असताना त्याला कुशीवर वळवून, कदाचित गोड शब्द बोलत, नेलं होतं. 

व्हर्लीननं भांडं खाली ठेवलं. तिनं काही विचारलं नाही, की आश्चर्यही दाखवलं नाही.

"कोल्बी," ती म्हणाली.

कोल्बी तिचा स्वतःचा मुलगा होता.

२

अर्डिथनं म्हाताऱ्याच्या जिभेखाली वेदनेच्या औषधाचे थेंब सोडले, स्वतः नवी पट्टी लावली आणि ओरडण्याचं कण्हणं, कण्हण्याची झोप होईपर्यंत पलंगाशी बसून राहिली. उरलेल्या पट्ट्या तिनं आपल्या बॅगेत टाकल्या. बसल्या बसल्या एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. तिनं दोनदा मात्रा वाढवली होती. म्हणजे म्हाताऱ्याला काहीच मिळालं नव्हतं, आणि चोराला दोनदा बढती मिळाली होती.

त्या खोलीत तीनच माणसं यायची. व्हर्लीन, कोल्बी, आणि लोन्झोचा मुलगा गार्लंड. बाकी कुणाला कॅन्सरचा वास सहन व्हायचा नाही. लोक पडवीतूनच विचारपूस करून, झाकलेलं ताट ठेवून परत जायचे.

व्हर्लीननं तोवर भावाला फोन केला होता आणि भावानं शेरीफला. शेरीफचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. कोल्बी तुरुंगातून अटींवर सुटलेला होता. एक तक्रार झाली की तो परत आत, आणि तो पुन्हा सुटेपर्यंत त्याचे आजोबा जगणार नव्हते. चोर कोल्बीच आहे हे अर्डिथला पटेना. तिनं पिशवीतल्या त्या कोऱ्या पट्टीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मागच्या अंगणात गेली.

कोल्बी लाकडं रचत होता. लाकूड कापायच्या गिरणीत काम करून त्याच्या हातांना भेगा पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी नशेची मात्रा जास्त होऊन तो याच अंगणात निळा पडलेला सापडला होता, आणि अर्डिथनंच त्याला परत श्वास घ्यायला लावलं होतं. तेव्हापासून तो दर आठवड्याला दवाखान्यात यायचा, लघवी तपासायला द्यायचा आणि जिभेखाली ठेवायचं औषध घेऊन जायचा. ते औषध अंगात असलं की अफूच्या जातीचं दुसरं काही घेऊन चढत नाही. त्याच्या तपासण्या स्वच्छ होत्या. स्वतःसाठी त्यानं चोरी केली नव्हती, हे अर्डिथला ठाऊक होतं. पण माणूस विकण्यासाठीही चोरतो.

तिनं त्याला सरळ विचारलं. तो तिच्याकडे न बघता लाकडं रचत राहिला. आई त्याला त्या खोलीत एकटं बसू देत नाही, असं त्यानं सांगितलं. दार उघडं ठेवायचं, आणि ती समोर भांडी घासत उभी. पॅपॉला उचलून शौचाला न्यायचं तेव्हाही ती मागे. पॅपॉ म्हणजे आजोबा. त्या खोऱ्यात सगळे तसंच म्हणतात.

"मग तू घेतली नाहीस?"

"नाही."

"शेरीफला सांगशील तसं?"

"अर्डिथबाई, मी काय सांगतो याला कोण विचारतंय? तुम्ही माझं नाव घाला आणि मोकळ्या व्हा. पण त्यांना आता दुखत नाहीये ना, तेवढं सांगा."

त्यानं घाम पुसायला बाही वर केली. दंडावर एक लहानशी पट्टी चिकटवलेली होती, टपालाच्या तिकिटापेक्षा जराशी मोठी. तीही अर्डिथनंच दिलेली. उन्हाळ्यात लोन्झोच्या आजाराचं नाव कळलं तेव्हा व्हर्लीन, गार्लंड आणि कोल्बी अशा तिघांनी पलंगापाशी उभं राहून सिगारेट सोडायची शपथ घेतली होती, आणि अर्डिथनं तिघांनाही सिगारेटची तलफ मारणाऱ्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या होत्या. सुरुवातीला मोठी, मग मधली, मग लहान. कोल्बी नेमानं लहानीपर्यंत पोचला होता.

"पॅपॉ बरळतात ते ऐकलंत?" तो म्हणाला. "आई म्हणते डोकं गेलंय. मला नाही वाटत. ते तर मला नावानं ओळखतात."

३

गार्लंड स्टर्जिल चर्चच्या तळघरात जेवणाची टेबलं मांडत होता. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेत निवडून गेलेला होता. प्रत्येक सभेत उठून तो नशेबाजांवर बोलायचा. हे लोक म्हणजे गावाला लागलेली कीड आहे, त्यांच्यावर सरकारी औषधं कशाला उधळायची, असं म्हणायचा. लोक टाळ्या वाजवायचे. गार्लंड प्रत्येक अंत्ययात्रेत खांदा द्यायचा, कुणाचा ट्रक अडकला तर ओढून काढायचा. तो वाईट माणूस आहे असं कुणी म्हणालं नसतं.

तळघरातला एक दिवा गेलेला होता. दुसऱ्याच्या मिणमिणत्या उजेडात गार्लंडनं अर्डिथला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि समोर बसून पुदिन्याची गोळी तोंडात टाकली. पहिली विरघळायच्या आत दुसरी टाकली.

वडिलांविषयी तो फार मऊ आवाजात बोलला. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी व्हर्लीन चर्चला जाते, तेव्हा आपण डॅडींना आंघोळ घालतो, दाढी करतो, आइस्क्रीम भरवतो, असं त्यानं सांगितलं. त्यांना पीच आवडतं. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले, नाक खाजवलं, मान खाजवली, परत नाक खाजवलं.

"कोल्बीनं हे करावं याचं मला दुःख आहे," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो. पण कीड ती कीड. तू त्यांच्यावर फार जीव लावतेस, अर्डिथ. एक दिवस तुझ्याच दवाखान्याला आग लावतील ते."

"तुझी सिगारेट काय म्हणते?"

तो ओशाळं हसला. "पुन्हा सुरू झाली होती, तुला सांगितलंच की. तू परत मोठ्या पट्टीपासून सुरुवात करून दिलीस. आता वासही नको वाटतो."

अर्डिथलाही ते आठवत होतं. शरद ऋतू लागताना तो दवाखान्यात आला होता, मान खाली घालून, चुकलो म्हणत. अर्डिथनं त्याच्या खांद्यावर थोपटलं होतं. खरं बोलायला धीर लागतो, असं काहीतरी म्हणाली होती.

गार्लंड तिला दारापर्यंत सोडायला आला. पायरीवरच्या अंधुक उजेडात त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चुकतं आहे असं अर्डिथला वाटलं. पण काय, ते गाडीत बसल्यावरही तिला सांगता आलं नाही. हातावर मात्र त्याच्या घामाचा ओलसरपणा राहिला होता. तिला तो सहन झाला नाही. बाटलीतलं पाणी ओतून हात धुतला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टर्जिलांच्या घरी शांतता होती. व्हर्लीन टेबलावर बीन्स निवडत होती. कोल्बीला शेरीफच्या हवाली करायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं. त्याचे कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवले होते. पोटच्या पोराची तुरुंगात जायची पिशवी भरताना ती त्यात जाड मोजे घालायला विसरली नव्हती. अर्डिथला त्या मोज्यांकडे बघवेना.

तिनं व्हर्लीनला निकोटिनच्या पट्ट्यांविषयी सहज विचारलं. व्हर्लीन म्हणाली, तुला माहीतच आहे, मला त्यांनी अंगभर पुरळ उठलं, दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे आणून परत दिल्या. ते खरं होतं. अर्डिथनंच त्या परत कपाटात ठेवल्या होत्या.

लोन्झो जागा होता. उशीला टेकून, खिडकीबाहेरच्या पिवळ्या डोंगराकडे बघत. महिनाभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा माणसाचा चेहरा दिसत होता.

"पोरी, कॉम्ब्सांची ना तू?" तो म्हणाला. "तुझे डॅडी आमच्या शेजारच्या उतारावर तंबाखू लावायचे."

"हो. मीही तोडायला असायची."

"मग तुला ठाऊक असेल." तो थांबला, दम घेतला. "यांना मी सांगून थकलो. पहाटे दव पडलेलं असताना पानं काढायला गेलं की दुपारपर्यंत तंबाखू लागते. डोकं गरगरतं, ओकाऱ्या, छाती धडधडते. मी आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा लागली. तसंच होत होतं मला. अगदी तसंच. पलंगावर पडल्या पडल्या. काल तू आलीस आणि थांबलं."

अर्डिथ जागच्या जागी उभी राहिली.

तिलाही लागली होती तंबाखू. लहानपणी, ओल्या पानांचे भारे छातीशी धरून नेताना. पानांतला अर्क दवात उतरतो आणि कातडीतून अंगात जातो. ती दोन सऱ्यांच्या मधे ओणवी पडून ओकली होती आणि वडील म्हणाले होते, होतं असं, सवय होईल. म्हातारा बरळत नव्हता. आपल्याला काय झालंय हे तो दवाखान्यापेक्षाही नेमकं सांगत होता, आणि कुणी ऐकत नव्हतं.

ती बाहेर आली, गाडी काढून दवाखान्यात गेली आणि औषधांचं कपाट उघडलं. पिशवीतली ती कोरी पट्टी तिनं टेबलावर सपाट केली आणि निकोटिनच्या पट्ट्या एकेक करून तिच्यावर ठेवल्या. लहान बसली नाही. मधली बसली नाही. मोठी कडेला कड लावून बसली.

आणि त्याच क्षणी गार्लंडच्या डोळ्यांत काय चुकत होतं तेही तिला कळलं.

५

शेरीफचा माणूस यायच्या आत तिनं तिघांना स्वयंपाकघरात बसवलं. गार्लंड कोट न काढता बसला. कोल्बी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, पायाशी ती पिशवी. व्हर्लीन चघळत होती.

अर्डिथनं पट्टी टेबलावर ठेवली आणि आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली. चोराला अशी वस्तू हवी होती, जी दिसायला औषधाच्या पट्टीसारखी असेल आणि अक्षरं घासली की कुणाला फरक कळणार नाही. ती निकोटिनची पट्टी निघाली. म्हाताऱ्याचं नुसतं औषध काढून घेतलं नव्हतं, तर त्याच्या कमजोर अंगात वर विष घातलं होतं. त्या पट्ट्या या घरात तिघांनाच मिळाल्या होत्या, आणि त्या तिनंच दिल्या होत्या.

"ही मोठी पट्टी आहे. व्हर्लीननं तिच्या मोठ्या पट्ट्या दुसऱ्याच दिवशी परत केल्या. कोल्बीच्या मोठ्या पट्ट्या उन्हाळ्यातच संपल्या. तेव्हा लोन्झोला वेदनेची पट्टी सुरूसुद्धा झाली नव्हती. शरदात मोठी पट्टी एकालाच पुन्हा मिळाली. सिगारेट परत सुरू झाली, असं ज्यानं मला येऊन सांगितलं त्याला."

गार्लंड हसला. "म्हणजे मी खरं बोललो ही माझी चूक?"

"बाही वर कर, गार्लंड. आज कुठली पट्टी लावलीयस ते दाखव."

त्यानं बाही वर केली नाही.

"लावलेली नाही," अर्डिथ म्हणाली. "तू सिगारेट कधी सोडलीच नाहीस, म्हणून पुदिना चघळतोस. आणि काल तळघरात तू सारखा खाजवत होतास. या औषधानं अंगाला खाज सुटते. अंधारात माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात. तुझ्या मोहरीएवढ्या होत्या. आत्ताही आहेत. तुझ्या वडिलांच्या डोळ्यांत जे असायला हवं होतं, ते तुझ्या डोळ्यांत आहे. बुधवारी आणि रविवारी तू त्यांना आंघोळ घालतोस. तेव्हा तू एकटाच असतोस."

चुलीवरच्या भांड्याचं झाकण वाफेनं हलत होतं.

गार्लंडनं कोटाची बटणं काढली, परत लावली. तो बोलायला लागला तेव्हा त्याचा सभेतला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. पाठीचं जुनं दुखणं होतं, म्हणाला. पूर्वी गोळ्या मिळायच्या, त्या बंद झाल्या. आधी फक्त वापरून झालेल्या पट्ट्या घेतल्या. मग तेवढ्यानं भागेना.

"तसंही ते जाणारच होते, अर्डिथ," तो म्हणाला. "मला दुसऱ्या दिवशी उठून कामाला जायचं असायचं."

हे वाक्य त्यानं इतक्या समजूतदारपणे उच्चारलं, की अर्डिथला आपण नीट ऐकलं की नाही अशी शंका आली.  त्यानं पीचचं आइस्क्रीम भरवलं होतं. भरवताना चमचा पुसलाही असेल.

कोल्बीनं आईकडे पाहिलं. सुटकेसारखं काहीतरी त्याच्या तोंडावर उमटू लागलं होतं. आता ती उठेल, आपल्याला जवळ घेईल, असं त्याला वाटलं असावं. अर्डिथला पुढचं बोलायचं नव्हतं. पण अर्धं सांगून थांबणं म्हणजे याच घरात आणखी एक झाकण लावण्यासारखं होतं.

"व्हर्लीन," ती म्हणाली, "पट्टीच्या कडांना मळ होता. ती दोन दिवसांची तरी असेल. वरची टेप मात्र कोरी होती. तूच म्हणालीस, सकाळी माझ्या हातानं लावली. जुनी टेप काढल्याशिवाय नवी लागत नाही. खालची पट्टी तुला दिसली होती."

व्हर्लीनचा जबडा थांबला.

"तुला माहीत होतं."

"मी काय करायला हवं होतं मग?" व्हर्लीन म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, वैताग होता. "गार्लंडचं नाव आहे काउंटीत. चर्च आहे. पोरी लग्नाच्या आहेत त्याच्या. कोल्बीचं काय उरलं होतं बिघडायचं?"

"आणि डॅडींचं ओरडणं?" अर्डिथनं विचारलं.

व्हर्लीननं बीन्सचं भांडं जवळ ओढलं आणि त्यात बघत उत्तर दिलं.

"मी रेडिओ मोठा करायची."

कोल्बीनं दाराजवळची पिशवी उचलली. पिशवी घेऊन तो आजोबांच्या खोलीत गेला आणि आतून दार लावून घेतलं. त्या घरात पहिल्यांदाच.

बाहेर शेरीफची गाडी थांबल्याचा आवाज आला. गार्लंड अर्डिथकडे वळून म्हणाला, हे घरातच मिटवता येणार नाही का? ती दार उघडायला गेली.

६

लोन्झो त्यानंतर आठवड्याभरानं गेला. अर्डिथ रोज येऊन पट्टी स्वतः बघायची. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, पण त्यानं ओरडायचं थांबवलं होतं, आणि शेवटचे काही दिवस तो कोल्बीला तंबाखूच्या शेतातल्या गोष्टी सांगत होता. कोल्बी पलंगाशी जमिनीवर गादी टाकून झोपायचा. व्हर्लीन दारात ताट ठेवून जायची. तो ताट घ्यायचा, जेवायचा, धुऊन परत ठेवायचा. आईशी तो एक शब्द बोलला नाही.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. गार्लंड जामिनावर सुटून पहिल्या रांगेत बसला होता. लोकांनी एकेक करून त्याचा हात हातात घेतला. बिचारा, पाठीच्या दुखण्यानं कुठल्या कुठं नेलं त्याला, असं बायका आपसांत म्हणाल्या. त्याच्या घरी झाकलेली ताटं गेली. कोल्बी मागच्या भिंतीपाशी उभा होता, आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. अर्डिथ जाऊन तिथं उभी राहिली. तिला त्या चर्चमधल्या प्रत्येक माणसाची किळस आली होती. ज्यांच्या पोरांना तिनं या जगात आणलं होतं, त्यांचीही. बाहेर पडताना पाद्री तिला म्हणाला, क्षमा करायला शिका. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कोट चढवला.

कोल्बी त्याच महिन्यात खोलीचं भाडं भरून गिरणीजवळ राहायला गेला.

गार्लंडनं गुन्हा कबूल केला. काउंटीतली जागा गेली. न्यायाधीशानं तुरुंगाऐवजी सक्तीचे उपचार दिले. मामाच्या वाट्याला जे आलं ते भाच्याच्या वाट्याला आलं नसतं, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. डोंगराच्या अलीकडे ते उपचार एकाच ठिकाणी मिळत होते, अर्डिथच्या दवाखान्यात.

तो आला तेव्हा अर्डिथ एका बाळाला लस देऊन हात धूत होती. दवाखान्यातल्या मदतनीस बाईनं आत डोकावून हळूच विचारलं, डोंगरापलीकडे पाठवू का त्याला? कुणी नावं ठेवणार नाही तुला.

अर्डिथनं हात पुसले. तिनं त्याला पलीकडे पाठवलं असतं तर तो गेला नसता, हे तिला ठाऊक होतं. वाटेत कुणाकडून तरी काहीतरी घेतलं असतं आणि एखाद्या वळणावर गाडीत निळा होऊन सापडला असता. क्षणभर तिनं ते चित्र डोळ्यांसमोर येऊ दिलं. तिला वाईट वाटलं नाही. मग ती म्हणाली, "आत पाठव."

गार्लंड खुर्चीत बसला. तो आक्रसला होता, नाक गळत होतं, गुडघे थरथरत होते. पुदिन्याचा वास नव्हता. नुसता घामाचा होता. अर्डिथनं त्याचा रक्तदाब घेतला. पट्टा बांधताना त्याच्या दंडाला तिची बोटं लागली आणि तिच्या अंगावर काटा आला. तिनं बोटं काढली नाहीत. किती घेत होतास, शेवटचं कधी घेतलंस, झोप लागते का, असं एकेक विचारत गेली. तो खाली मान घालून सांगत गेला. औषध सुरू करण्यापूर्वी अंगातलं आधीचं उतरू द्यावं लागतं, तो काळ अवघड जातो, हेही तिनं त्याला सांगितलं, जसं सगळ्यांना सांगायची तसंच.

त्यानं वर पाहिलं. त्याच्या बाहुल्या आता मोठ्या होत्या, म्हणजे आधीचं उतरत आलं होतं.

"फार दुखेल का गं?" त्यानं विचारलं.

अर्डिथ त्याच्याकडे बघत राहिली. 

"दुखेल," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठी औषध आहे. आणि तुला ते सगळंच्या सगळं मिळेल."

मग तिनं हातमोजे चढवले, जिभेखाली ठेवायचं औषध हातात घेतलं आणि त्याला जीभ वर करायला सांगितली.